मागे ठेवलेले चार सिलिंडर

लून नॅरोज या उत्तरेतल्या तळ्याकाठच्या गावच्या हॉस्पिटलात डेल्फिन मोरिन बावीस वर्षं नर्स होती आणि त्यातली अठरा एकाच वॉर्डात. तळ्याच्या अंगाचा तो लांबट वॉर्ड म्हाताऱ्यांचा. तिथं आलेलं माणूस बरं होऊन घरी जायचं नाही, तिथलंच होऊन जायचं. एकोणतीस खाटा होत्या. कुणाची गोळी जॅममध्ये दडवून द्यावी लागते, कोण आंघोळीआधी इथल्या मूळ लोकांच्या क्री भाषेत दोन शब्द बोलल्याशिवाय अंगाला हात लावू देत नाही, कोण बटाटा दिसला की ताटच ढकलतं, हे सगळं तिला पाठ होतं. म्हाताऱ्यांच्या शिरा म्हणजे दोऱ्यासारख्या, सुई पाहिली की पळणाऱ्या. बाकीच्या नर्सा टोचून टोचून थकल्या की म्हणायच्या, "डेल्फिनला हाक मारा." ती यायची, म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेऊन नुसती बसायची, मूस हरणं यंदा कुठल्या अंगाला उतरलीत वगैरे विचारायची, आणि मग पहिल्याच टोचणीत शीर सापडायची.

तिच्या आईनं याच हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरी धुतल्या होत्या. आई म्हणायची, "मला इथल्या चादरी ओळखू येतात, माणसं नाही. तू माणसं ओळख."

त्याच वॉर्डात कोरा बॅलंटाइन आया होती. अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ, आणि हसली की पार्किंगमध्ये ऐकू जायचं. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. कोराची आई हॅरिएट गेली पाच वर्षं वॉर्डातच होती, तळ्याकडच्या शेवटच्या खाटेवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. सारं गाव तिला कोकुम हॅरिएट म्हणायचं, म्हणजे हॅरिएट आजी.

हॉस्पिटलचे मॅनेजर मात्र दक्षिणेतून यायचे. उन्हाळ्यात यायचे, ऑफिसच्या भिंतीवर बर्फात चालायचे जुने बूट शोभेला टांगायचे, तळ्याचे फोटो काढायचे. दुसरा हिवाळा तोंडावर आला की कुणाची आई आजारी पडायची, कुणाच्या बायकोला करमेनासं व्हायचं. पाच वर्षांत सहा जण येऊन गेले. सहावा तर भर फेब्रुवारीत असा गडबडीनं विमानात बसला की त्याचा जाडा कोट खुंटीवरच राहिला.

त्या आठवड्यात डेल्फिनला फोन आला. फोनवर लिंडसे हार्कनेस होती, उत्तर भागातल्या सगळ्या हॉस्पिटलांची प्रमुख. तिचं ऑफिस शहरात, रस्त्यानं नऊ तासांवर.

"तीन महिने सांभाळ," लिंडसे म्हणाली. "तोवर मी कुणीतरी शोधते."

"मला कागदांतलं काही कळत नाही."

"कागद शिकता येतात."

"मग आजवर कागदवालेच का पाठवलेत?"

फोन ठेवून डेल्फिन चहाच्या खोलीत येऊन बसली आणि कोराला सांगितलं.

"बस जाऊन त्या खुर्चीत," कोरा म्हणाली. "निदान शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळेल. त्या मेल्यांची नावं तोंडात बसेपर्यंत ते पळून जातात."

"मला घालशील शिव्या?"

"रोज. दोन वेळा."

अशी ती गेली खुर्चीत. तीन महिन्यांची बघता बघता वर्षं झाली.

पहिला हिवाळा वाईट गेला. चादरी, औषधं, जनरेटरचं तेल, पाळ्यांचं वेळापत्रक, कोण रजेवर, कोण नोकरी सोडून चाललंय, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडायचं. त्याआधीच्या शरद ऋतूत कोरानं आठवडाभराची रजा मागितली होती, भावांबरोबर शिकारीला जायला. दरवर्षी जायची. त्या वर्षी दोन आया आधीच सोडून गेल्या होत्या. डेल्फिननं अर्जावर 'नाही' लिहिलं आणि स्वतः जाऊन कोराच्या हातात दिला. कोरानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"बरं मॅडम," ती म्हणाली.

शिवी घातली असती तर डेल्फिनला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती चहाच्या खोलीत शिरली की बोलणी मधेच थांबू लागली. कुणीतरी उठून तिला खुर्ची द्यायचं. तिनं तिथं जाणं कमी केलं आणि मग बंदच केलं.

जानेवारीत एक गोष्ट घडली. वॉर्डात फिलिप नावाचा म्हातारा होता, हृदय थकलेला, आयुष्यभर जाळ्यांनी मासे धरलेला. नवी नर्स त्याचं रक्त घ्यायला गेली आणि तीनदा चुकली. म्हातारा ओरडायला लागला, "ती मोरिनची पोरगी कुठाय?" डेल्फिनला ऑफिसपर्यंत आवाज आला. तिनं पेन टाकलं आणि अक्षरशः धावत गेली. त्याचा हात हातात घेतला, शीर शोधली, रक्त घेतलं. मग त्याची नखं वाढलेली दिसली, ती कापली. पाऊण तास ती तिथं बसली होती. कितीतरी महिन्यांनी तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

फोन टेबलावरच राहिला होता. त्या पाऊण तासात शेजारच्या वस्तीवर उतरलेलं रुग्णविमान रिकामं निघालं होतं आणि वैमानिक विचारत होता, तुमच्याकडचा पेशंट घेऊ का? पेशंट होता. चौतीस वर्षांचा माणूस, अपेंडिक्स फुटलेलं, आतल्या खोलीत विव्हळत पडलेला. पण विमानाला हो म्हणायचा अधिकार एकट्या मॅनेजरलाच होता. दहा मिनिटं वाट पाहून विमान निघून गेलं. दुसरं यायला सहा तास लागले. तो माणूस जगला, पण आतडं कापावं लागलं आणि त्याच्या पोटाला कायमची पिशवी लागली. त्याला कुणी काही सांगितलं नाही. पुढं तो डेल्फिनला रस्त्यात दिसला की टोपी काढून नमस्कार करायचा. तिला तो रस्ता नको व्हायचा.

डॉ. ओलुमिडेला ठाऊक होतं. तो नायजेरियाहून दोन वर्षांसाठी म्हणून आला होता आणि अकरा वर्षं राहिला होता. त्यानं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "फोन खिशात ठेवत जा, डेल्फिन. नखं कुणीही कापेल."

त्यानंतर ती वॉर्डात फक्त फेरीपुरती जायची, दाराशी उभी राहायची आणि निघायची. फिलिप विचारायचा, "ती पोरगी नोकरी सोडून गेली का?" कोरा सांगायची, "गेली. तिच्या जागी एक साहेबीण आलीय."

दुसऱ्या वर्षीचा जून कोरडा गेला. पाऊस नाही, नुसता वारा. सुरुवातीला धूर तळ्याच्या पलीकडे निळसर पट्टीसारखा दिसायचा. मग तो गावात उतरला. भर दुपारी दिवे लावायला लागायचे आणि सूर्य दिसला तर ओल्या जखमेसारखा दिसायचा. विमानं येईनाशी झाली. वॉर्डातल्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या तरी म्हाताऱ्यांचं खोकणं थांबेना.

एका दुपारी डेल्फिनचा भाऊ आल्फ सरळ ऑफिसात आला. तो आग विझवणाऱ्या तुकडीत होता. अंगावरचे कपडे काजळीनं काळे, पापण्यांचे केस जळालेले.

"वारा वायव्येचा आहे," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत आग गावाशी येईल. रस्ता त्याआधीच जाईल. तुझी म्हातारी माणसं हलवायची असतील तर उद्या सकाळी हलव. नंतर नाही."

"खात्री आहे तुझी?"

"आगीची खात्री कोण देईल? एवढंच सांगतो, मी माझ्या सासूला आज पहाटे गाडीत घालून पाठवलं."

"सासूला?"

"माझं तिच्यावर किती प्रेम आहे ते तुला माहितेय. आता तूच विचार कर."

डेल्फिननं लिंडसेला फोन लावला. लिंडसे म्हणाली, धूर निवळला की विमानं पाठवू, दोन दिवस लागतील, रस्त्यानं नऊ तासांचा प्रवास त्या माणसांना झेपणार नाही.

"म्हणजे नेऊ नको म्हणतेस?"

"मी सल्ला देतेय. जागेवर तू आहेस."

डेल्फिननं ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. का लिहिलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मग डॉक्टरला बोलावलं. त्यानं यादी पाहिली आणि दोन नावांवर बोट ठेवलं: हॅरिएट आणि फिलिप.

"हे दोघं रस्त्यातच दगावू शकतात."

"आणि इथं ठेवले तर?"

"हा धूर आणखी दोन दिवस राहिला तर इथंही जाऊ शकतात. आग आली तर सगळेच."

तिनं रस्ता ठरवला. शाळेच्या दोन बस घेतल्या, बाकं काढून गाद्या टाकल्या. एकच नर्स देता येत होती, ती पहिल्या बसमध्ये. दुसऱ्या बसमध्ये कोरा आणि आणखी एक आया. भांडारात ऑक्सिजनचे भरलेले अठरा सिलिंडर होते. नळीवर असलेली माणसं सात. माणशी दोन सिलिंडर म्हणजे बारा तास, प्रवास नऊ तासांचा. चौदा सिलिंडर बसमध्ये चढले. चार तिनं मागे ठेवले, कारण चाळीसेक माणसं आगीशी झुंजत होती आणि त्यांतला कुणी भाजलेली फुप्फुसं घेऊन दारात आला तर त्याला द्यायला काहीतरी हवं होतं. डॉक्टर, दोन नर्सा आणि ती स्वतः मागे राहणार होती.

सकाळी बस भरताना कोरानं विचारलं, "एवढेच का?"

"बारा तासांचे आहेत. पुरतील."

कोरा पुढं काही बोलली नाही. भांडारात किती आहेत ते तिला माहीत नव्हतं.

हॅरिएट उठायला तयार नव्हती. तिनं पलंगाची दांडी घट्ट धरली होती.

"कोकुम, चल आता. सगळे बसलेत."

"बसू देत. मी इथंच बरी आहे, पोरी. मला ना शहर बघायचंय ना रस्ता."

"आग येतेय."

"आग मी तुझ्या आईच्या जन्माआधी पाहिलीय."

डेल्फिन पलंगाच्या कडेला बसली. घड्याळात सात वाजून गेले होते. ती म्हणाली, "तुला सोडून कोरा जाणार नाही. आणि कोरा नसेल तर ती दुसरी बस निघणार नाही. त्यात चौदा माणसं आहेत, कोकुम."

म्हातारीनं दांडी सोडली.

"त्या खुर्चीत बसून बोलायला शिकलीस तू," ती म्हणाली आणि उचलून घ्यायला दोन्ही हात वर केले.

पहिली बस पुढं होती, ती आगीच्या आधी पार झाली. दुसरी अर्ध्या तासानं मागे होती. चार तासांनी आगीनं रस्ता ओलांडला आणि दुसरी बस अडकली. पुढं आग, मागे फिरावं तर मागचाही रस्ता पोलिसांनी बंद केलेला. अग्निशमनवाल्यांनी बस एका खडीच्या मोकळ्या जागेत उभी करून ठेवली. खिडक्या बंद असूनही धूर आत येत होता. या बसमधल्या नळीवरच्या चौघांना, म्हणजे हॅरिएट, फिलिप आणि दोन बायकांना, ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त सोडावा लागला, आणि बारा तासांचे सिलिंडर नऊ तासांत संपत आले.

दुपारी चार वाजता ऑफिसातला सॅटेलाइट फोन वाजला.

"दोन उरलेत," कोरा म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की डेल्फिनला आधी ओळखूच आला नाही. "चौघं आहेत. अँब्युलन्स आगीच्या पलीकडे उभी आहे. दोन तास लागतील म्हणतात."

"बोटाला लावायचं यंत्र आहे ना? ऑक्सिजनचे आकडे सांग."

कोरानं सांगितले. त्या दोन बायकांचे पंचाऐंशीच्या आसपास. फिलिपचा ऐंशी. मग ती थांबली.

"कोकुमचा?"

"अडुसष्ट. पूर्ण सोडलाय तरी."

डेल्फिन उभी होती. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, नुसता पिवळा अंधार. पलीकडून खोकण्याचे आवाज येत होते आणि एक बाई क्रीमध्ये प्रार्थना म्हणत होती.

"तू सांग, डेल्फिन," कोरा म्हणाली. "मी नाही ठरवणार. माझ्या आईला लाव किंवा काढ, हे मी नाही ठरवणार."

"कोकुमची नळी काढ."

"काय?"

"काढ. दोन्ही सिलिंडर बाकीच्या तिघांत फिरव. पंधरा-पंधरा मिनिटं. कोकुमला मांडीवर घे. डोकं उंच ठेव तिचं."

पलीकडून नुसता खोकल्याचा आवाज येत होता.

"कोरा, ऐक. हे मी ठरवलं. तू नाही. कुणी विचारलं तर हेच सांग, आणि स्वतःलाही हेच सांग."

फोन बंद झाला.

मग डेल्फिन भांडाराकडे गेली. ऑफिसपासून वीस पावलांवर भांडार होतं. चार सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधून उभे होते. तिनं एकेकाचा काटा पाहिला. चारही भरलेले होते.

हॅरिएट पाच वाजून दहा मिनिटांनी गेली, लेकीच्या मांडीवर. अँब्युलन्स सहा वाजता आली. फिलिपला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्या दोन बायका वाचल्या. आणि ज्या संध्याकाळी हॅरिएट गेली त्याच संध्याकाळी वारा फिरला. आग गावापासून अकरा किलोमीटरवर नदीशी येऊन थांबली. गावातलं एक छप्परसुद्धा जळलं नाही. आग विझवणाऱ्यांपैकी कुणीही भाजलेली फुप्फुसं घेऊन दारात आला नाही. ते चार सिलिंडर कुणालाच लागले नाहीत.

तीन आठवड्यांनी रस्ता उघडला आणि माणसं परत आली. दोन शवपेट्याही आल्या. गावच्या सभागृहात दोन दिवस पेट्या उघड्या ठेवल्या होत्या. लोक येत होते, बसत होते, मूसचं सूप आणि तव्यावरची जाडसर बॅनक भाकरी खात होते, जुन्या गोष्टी सांगून हसत होते आणि मधेच रडत होते. डेल्फिन सकाळी गेली. ती आत आली तसा एक कोपरा गप्प झाला, मग दुसरा. फिलिपच्या पुतण्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यादी आणलीय का? बघून घे, दोन कमी भरतायत."

कुणी त्याला गप्प केलं नाही. डेल्फिन दोन्ही पेट्यांपाशी उभी राहिली. हॅरिएटला तिचं फुलांचं बारीक मणीकाम केलेलं जाकीट घातलं होतं. कोरा स्वयंपाकघरातून सुपाची वाटी घेऊन आली आणि तिच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "आणि जा."

डेल्फिननं उभ्या उभ्या ते सूप संपवलं. वाटी स्वतः धुतली आणि गेली.

ऑगस्टमध्ये चौकशीला दोन माणसं आली. त्याआधी लिंडसेचा फोन आला होता. "विमानं मिळाली नाहीत यावर भर दे," ती म्हणाली. "ते खरंही आहे. सिलिंडरांचं त्यांनी विचारलं तर सांग, पण आपण होऊन बोलू नकोस."

त्यांनी विचारलं नव्हतं. डेल्फिननं आपण होऊन सांगितलं. भांडारात अठरा होते, मी चौदा दिले, चार मागे ठेवले, कुणाला न विचारता ठेवले. दोघांतल्या एकानं लिहिता लिहिता मान वर केली. "त्या वेळी तुम्हाला ते बरोबर वाटलं होतं?"

"हो."

"आणि आता?"

"आता दोन माणसं मेलीत," ती म्हणाली.

अहवाल जाहीर व्हायला आठवडा होता. अहवालात ती गोष्ट येणारच होती. डेल्फिन एका रविवारी सकाळी चालत कोराच्या घरी गेली. कोरा कणीक मळत होती. तिनं दार उघडं पाहिलं, डेल्फिनला पाहिलं, आणि मळत राहिली.

"तुला एक सांगायचंय," डेल्फिन म्हणाली. "त्या दिवशी भांडारात आणखी चार सिलिंडर होते."

कोराचे हात थांबले.

"चार?"

"चार."

"रिकामे?"

"भरलेले. मी मागे ठेवले. आगीवरच्या माणसांसाठी."

"मी तुला विचारलं होतं," कोरा म्हणाली. "बस भरताना. एवढेच का म्हणून विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

कोरा एकेक बोटाला चिकटलेलं पीठ काढत राहिली.

"मी तिची नळी काढली," ती म्हणाली. "तिला कळत होतं, डेल्फिन. मी काढताना तिनं माझ्या हातावर थोपटलं. जसं मीच आजारी आहे." मग तिनं मान वर केली. "कशाला आलीस सांगायला? तुला मोकळं वाटावं म्हणून?"

"अहवालात येणार आहे. तू ते कागदावर वाचू नयेस म्हणून."

"कळलं. ऐकलं. निघ."

"कोरा..."

"निघ म्हटलं ना! माझ्या घरातून निघ."

पुढच्या महिन्यात कोरानं हॉस्पिटल सोडलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं. अहवालात लिहिलं होतं की त्या परिस्थितीत घेतलेला निर्णय समर्थनीय होता. लिंडसेनं अभिनंदन केल्यासारखा फोन केला. डेल्फिननं फोन ठेवला आणि राजीनामा लिहायला घेतला. तिला वॉर्डात परत जायचं होतं. एकाच माणसाचा हात धरायचा, एकाच वेळी एकालाच वाचवायचं किंवा गमवायचं, एवढंच तिला हवं होतं.

राजीनामा पाठवण्याआधी ती वॉर्डात निरोप घ्यायला गेली. म्हातारी माणसं दुपारच्या चहाला गोल करून बसली होती. ती पण बसली. कुणी काही बोलेना म्हणून तिनंच विचारलं, "पुन्हा आग आली तर काय करायचं?"

जोनास नावाचा एक म्हातारा होता, नव्वदीतला, दोन्ही डोळे गेलेला. तो म्हणाला, "आम्ही लहान असताना आग आली की बेटावर जायचो. पाण्यावर धूर टिकत नाही, वारा नेतो. रस्त्यानं का नेलंस आम्हाला? रस्ता तर आगीतूनच जातो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस, पोरी."

अठरा वर्षं तिनं या माणसांचे पाय धुतले होते, गोळ्या दडवल्या होत्या, नखं कापली होती. एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं. ती परत ऑफिसात आली आणि राजीनाम्याचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही.

बेटाचं काम सोपं नव्हतं. तळ्यातल्या एका मोठ्या बेटावर मासेमारांची बंद पडलेली लाकडी घरं होती. तिथं जनरेटर हवा, हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं हवीत, खाटा नेणारा तराफा हवा. वरच्या ऑफिसनं चारदा नकार दिला. धोका आहे म्हणाले. ती चारदा नऊ तास गाडी चालवून गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. पाचव्यांदा लिंडसे वैतागून म्हणाली, "कर काय करायचं ते. सही तुझी असेल."

"माझीच असते," डेल्फिन म्हणाली.

दोन वर्षांनी पुन्हा धूर आला. तेव्हा वॉर्डात असलेल्या एकोणीस म्हाताऱ्यांना बेटावर नेलं, अकरा दिवस ठेवलं, एकोणीसच्या एकोणीस परत आणले. गावानं फारसं कौतुक केलं नाही. पानगळीत त्यांतली एक म्हातारी न्यूमोनियानं गेली आणि तिच्या मुलांनी सांगितलं की बेटावरच्या ओलीनं मारली. डॉक्टर म्हणाला, तसं काही नाही. तरी डेल्फिन त्यांच्या घरी गेली, बसली, आणि ते जे बोलले ते सगळं ऐकून घेतलं. आता तिला तेवढं येत होतं.

पुढच्या वर्षी लिंडसे निवृत्त झाली आणि उत्तरेतली नऊ हॉस्पिटलं डेल्फिनकडे आली. शहरात ऑफिस दिलं होतं, ती म्हणाली, मी लून नॅरोजमधूनच काम करीन. हल्ली ती महिन्यातले बरेच दिवस छोट्या विमानांत असते. झोप कमी झालीय. शीर शोधायचा हात गेला असावा. तिनं कधी करून पाहिलं नाही.

मागच्या मार्चमध्ये गावातल्या दुकानात बटाट्यांच्या पोत्यांपाशी कोरा भेटली. चार वर्षांत दोघी शेकडो वेळा समोरासमोर आल्या होत्या आणि कोरानं प्रत्येक वेळी मान फिरवली होती. त्या दिवशी फिरवली नाही. केस पार पांढरे झाले होते तिचे.

"माझी भाची नर्सिंगला निघालीय," ती म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"कोणती? लिओना?"

"तीच. तिला तुझ्या हाताखाली घेऊ नकोस."

"बरं."

कोरानं एक पोतं ओढलं. जड होतं. डेल्फिननं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ते ढकलगाडीत टाकलं. कोरानं आभार मानले नाहीत. दुकानातल्या त्या ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून न बघताच म्हणाली, "आणि घेतलीसच, तर विचारायला शिकव तिला. नुसतं एकदा विचारून गप्प बसायचं नाही म्हणावं. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं."

ती पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. डेल्फिन बटाट्यांपाशीच थांबली, कोराची रांग सरेपर्यंत.